थिनरच्या खोक्यावर 'वॉटर कलर' लिहिणाऱ्यांनो, जरा इकडे या

रंगवाली_जळगाव
काल एका भाऊची पोस्ट फिरत होती. पुण्याहून लॅकर थिनर (रंग पातळ करायचं द्रव) नि रंगाच्या स्प्रेचे डबे मागवायचे तर कुरियरवाल्याला "पोरांचे वॉटर कलर आहेत" सांगायचं, बाटली दोन पिशव्यांत घालायची, वरून टेपचे चार विळखे, "नियमांचं डोकं लावू नका, आजवर काही झालंय का?" खाली सत्तर लाइक, त्यात माझी दोन गिऱ्हाईकं. म्हणून हे लांबलचक लिहितेय.

माझं छोटी मॉडेलं बनवणाऱ्यांच्या रंगांचं बारकं दुकान आहे. दर आठवड्याला नंदुरबार, शिरपूर, कुठून कुठून फोन, "ताई, तसं लिहून टाका ना". मी नाही लिहीत. लॅकर थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोन असली मंडळी असतात. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते ते, ४ डिग्री, अ‍ॅसिटोनचा उणे २० च्या आसपास, म्हणजे जानेवारीतल्या पहाटेसुद्धा ठिणगी मिळाली की वाफ पेटते. आणि इनॅमलवाल्यांनी हसू नये, मिनरल टर्पेंटाइनचा पस्तीस-चाळीसच्या घरात असतो आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ असतात. मागच्या मे मध्ये टेम्पोतून आलेलं खोकं मी दुपारी दोनला उघडलं, तर एका बाटलीचं झाकण भाकरीसारखं फुगलेलं. फिरवलं तर फुस्स करून अर्धा रंग माझ्या ओढणीवर. ती ओढणी अजून दुकानात लटकवून ठेवलीय, फुकटचा सल्ला देणाऱ्यांना दाखवायला.

कागदावर हे सगळं यूएन १२६३ (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय नंबर), वर्ग ३, ज्वालाग्राही द्रव. स्प्रेचा डबा वेगळा, यूएन १९५०, कारण आत दाबाखाली गॅस. पोस्टात तर १८९८ च्या जुन्या कायद्यापासून मनाई. विमानाने पाठवायचं तर ट्रेनिंग घेतलेल्या माणसाने पॅक करून डिक्लरेशन द्यावं लागतं. रेल्वेत गुपचूप नेलं तर रेल्वे कायदा १९८९, कलम १६४, तीन वर्षांपर्यंत कैद. उरला रस्ता. रस्त्याने पाठवता येतं, पण आत काय आहे ते खरं सांगून, सेफ्टी डेटा शीट (मालाच्या धोक्यांची माहिती देणारा कंपनीचा कागद) जोडून, आणि घेणाऱ्याने घेतलं तर.

लोकोशेड_भुसावळ
ताई, "आणि घेणाऱ्याने घेतलं तर" हे तुम्ही शेवटी फार हळूच सरकवलं. सगळी मेख तिथेच आहे. ती पोस्ट माझी नाही पण सत्तरातला एक लाइक माझा आहे, लपवत नाही.

मी एचओ स्केलमध्ये (छोट्या मॉडेल रेल्वेचं एक माप) डब्ल्यूएपी-४ हे विजेचं इंजिन करतोय, आपल्याच शेडमधली, लाल बॉडी नि क्रीम पट्टा. पुण्याच्या मित्राकडे प्रायमरचे दोन डबे नि अर्धा लिटर थिनर पडून होतं. तो बिचारा तुमच्यासारखाच हरिश्चंद्र. पहिल्या काउंटरवर म्हणाला "पेंट आहे", पुढचं वाक्य ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्या ठिकाणी डेटा शीट दाखवली, त्यांनी ती उलटी धरून पाहिली आणि साहेब जेवायला गेलेत म्हणाले. तिसऱ्या ठिकाणचा पोरगा तर स्वतःच बोलला, "सर, स्टेशनरी लिहा ना, कशाला त्रास". मग सांगा, खोटं कोण शिकवतंय? खरं बोललं की दार बंद, खोटं बोललं की पावती.

आणि तुमच्या त्या कलम १६४ मध्ये कैदेऐवजी दंडही होऊ शकतो, हजार रुपयांपर्यंत. तेवढ्याचा तर माझा प्रायमर येतो.

बिल्टीवाला_धुळे
तीस वर्षं ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये आहे म्हणून बोलतो. तुम्ही लोक पानटपरीवर जाऊन भरीत मागता आणि मग ओरडता की मिळत नाही. कुरियरचं पार्सल कुठे चढेल ते काउंटरवरच्या पोराला माहीत नसतं, सरफेस (जमिनीवरून) म्हणून घेतलेलं रात्री विमानात जाऊ शकतं, म्हणून तो नाही म्हणतो आणि बरोबर म्हणतो. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात रंगाचे डबे काय आभाळातून पडतात? ट्रकने येतात, बिल्टी (मालाची पावती) बनते, बिल्टीवर "पेंट" असंच लिहिलेलं असतं. मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १२९ पासून पुढे धोकादायक मालाचे नियम आहेत. ड्रायव्हरचं ट्रेनिंग, ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं), गाडीवर पाटी. किती गाड्या पाळतात ते मला विचारू नका.

पण खोट्या नावाचा माल आमच्या जिवावर उठतो. एकदा "खेळणी" लिहिलेलं खोकं आलं, हमालाने वरून ठेवलं साड्यांच्या गाठोड्यावर. आत थिनर, बूच सैल. सकाळी गोडाऊन उघडलं तर वास असा की डोळे उघडेनात, आणि शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालू. साड्यांचे एकोणीस हजार माझ्या खिशातून गेले. खेळणीवाला आजतागायत फोन उचलत नाही.

शहादा_पोऱ्या
काय भो, अर्ध्या लिटरले इतला बाऊ! पोळ्याच्या आधी अख्ख्या खान्देशात बाजाराच्या दिवशी शेतकरी ऑइल पेंटचे डबे नि टर्पेंटाइन पिशवीत टाकून एसटीच्या सीटखाली ठेवतो. लाल, हिरवा, सोनेरी. त्यालाही कलम लावता का? बैलाची शिंगं रंगवायचीच नाहीत का मग?

गोठा_चोपडा
नाहीच रंगवायची! ऑइल पेंटने तर मुळीच नाही. मागल्या पोळ्याला पुतण्याने माझ्या खिलाऱ्याच्या शिंगांना चकचकीत सोनेरी मारला, आधीचा रंग काढायला टर्पेंटाइनचा बोळा फिरवला आणि एक ओघळ गेला डोळ्यात. बैल दावं तोडून पळाला, केळीच्या बागेत घुसला, आठ दिवस डोळ्यातून पाणी. मिरवणुकीत फोटो मात्र झकास आला म्हणे. आमचे आजोबा हिंगूळ लावायचे, बेगड चिकटवायचे, बैलाला कधी काही झालं नाही.

केमिकल_एमआयडीसी
दादा, बैलाबद्दल वाईट वाटलं, पण हिंगूळ म्हणजे मर्क्युरी सल्फाइड, पाऱ्याचं संयुग. "आजोबा लावायचे" म्हणून ते गुलाबपाणी होत नाही. आणि आज बाजारात हिंगूळ म्हणून जे पुडीत मिळतं त्यात काय असेल ते विकणाऱ्यालाही माहीत नाही.

गोठा_चोपडा
आला शहाणा. पिढ्यान्‌पिढ्या बैल जगले ना? तुमच्या एमआयडीसीच्या नाल्याचं पाणी पिऊन जगून दाखवा आधी.

केमिकल_एमआयडीसी
नाला माझ्या बापाचा नाही. मी नोकरी करतो. गेरू लावा, हळद लावा, फुलांच्या माळा घाला, कोण नको म्हणतंय. पण पारा वाईट हे सांगितलं तर मी लगेच परंपरेचा दुश्मन?

शहादा_पोऱ्या
गेरूनं शिंग चमकत नाही भो. गावात शेजारचा बैल चमकतो नि आपला मातकट दिसतो, मग बायको बोलते, पोरं बोलतात. तुमले काय, तुम्ही फ्लॅटमध्ये मातीचा बैल पुजता.

गोठा_चोपडा
शेजाऱ्याला दाखवायला बैलाचा डोळा घालवायचा? पुरणपोळी खाऊ घालतोस आणि डोळ्यात टर्पेंटाइन घालतोस, वा रे पूजा. वर्षभर राबतो तो, एक दिवस तरी सुखाने राहू दे त्याला.

शहादा_पोऱ्या
मी घातलं का? तुमच्या पुतण्यानं घातलं! मले कशाले बोलता?

रंगवाली_जळगाव
अरे बाबांनो, धागा पार्सलचा आहे.

लोकोशेड_भुसावळ
ताई, तुमचा धागा गेला पोळ्याला. बेगड लावून परत येईल.

केमिकल_एमआयडीसी
मूळ मुद्द्यावर दोन गोष्टी सांगतो, दोन्ही बाजूंना आवडणार नाहीत.

ज्यांना वाटतं "अ‍ॅक्रिलिक लिहिलंय म्हणजे पाण्याचा, बिनधास्त पाठवा", त्यांनी बाटली फिरवून मागचं वाचा. टामिया कंपनीच्या एक्स आणि एक्सएफ बाटल्या अ‍ॅक्रिलिकच आहेत पण आत अल्कोहोल आहे, आगीचं चिन्ह छापलेलं आहे. व्हायेहो कंपनीच्या, ब्रशने लावायच्या नेहमीच्या बाटल्या खऱ्या पाण्याच्या, त्यांना काही अडचण नाही. नावावर जाऊ नका, डेटा शीटचा विभाग ९ बघा, फ्लॅश पॉइंट तिथे असतो, आणि विभाग १४, वाहतुकीचा.

दुसरं म्हणजे भुसावळवाल्यांची तक्रार खोटी नाही, रंगवाली ताईंनी ती झटकू नये. यूएनच्या नमुना नियमांत लिमिटेड क्वांटिटी, म्हणजे थोड्या मालासाठी, अशी सवलत आहे. लॅकरसारख्या रंगाला आतला डबा ५ लिटरपर्यंत, स्प्रेला १ लिटरपर्यंत, पूर्ण खोकं ३० किलोपर्यंत, वर टोकावर उभा चौकोन, वरचा नि खालचा कोपरा काळा, मधे पांढरा. युरोपात त्या खुणेवर असल्या बाटल्या पार्सलने जातात. आपल्या काउंटरवर ती खूण दाखवली तर पोरगं विचारेल, "हा कुठल्या कंपनीचा लोगो?"

लोकोशेड_भुसावळ
घ्या! कारखान्यातल्या माणसाने कबूल केलं. आता जोपर्यंत काउंटरवर कोणी ती खूण ओळखत नाही तोपर्यंत मी स्टेशनरी लिहिणार. आजवर काही झालं नाही हे खरंच आहे.

पाचोरा_पॅसेंजर
"काही झालं नाही" हे वाक्य मला ऐकवत नाही. २२ जानेवारी २०२५, आमच्या तालुक्यात परधाड्याजवळ. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग नव्हती. फक्त आग लागल्याची अफवा होती. त्यावर लोक रुळावर उतरले आणि शेजारच्या लाइनवरून कर्नाटक एक्सप्रेस आली. माझा भाचा रोज त्याच लाइनने अप-डाऊन करतो. आता त्याच्या डब्यात वरच्या फळीवर कोणाच्या पिशवीत थिनर सांडलं, वास सुटला नि कोणी ओरडलं, तर? पेटायचीसुद्धा गरज नाही.

लोकोशेड_भुसावळ
दादा, ती माणसं गेली त्यांचं दुःख सगळ्या जिल्ह्याला आहे. माझ्या बाटलीशी त्यांचा संबंध जोडू नका, हे बरं नाही. मी कुरियरचं बोलतोय, रेल्वेचं बोललोच नाही.

पाचोरा_पॅसेंजर
कुरियरचं पोतं कुठल्या गाडीच्या पार्सल व्हॅनमध्ये चढतं ते तुम्ही बघायला जाता का? भुसावळला राहता, प्लॅटफॉर्मवर पोत्यांचा ढीग रोज बघत असाल. त्यावर "स्टेशनरी"च लिहिलेलं असतं.

बिल्टीवाला_धुळे
हे बरोबर बोलले. मी वर विमानाचं बोललो, रेल्वे विसरलोच होतो.

लोकोशेड_भुसावळ
(दोन तासांनी) ठीक आहे. पार्सल व्हॅनचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. शेडच्या माणसाला रेल्वे शिकवली, मानलं, टाळ्या वाजवा. पण मग बिल्टीवाल्या काकांनी रेट सांगावा, नुसतं नियम १२९ नको. नऊशेच्या मालाला किती?

बिल्टीवाला_धुळे
दहा किलो असो की दोनशे ग्रॅम, कमीत कमी चार्ज लागतोच. पुणे-भुसावळ साधारण साडेतीनशे, हमाली वेगळी. घरपोच नाही, गोडाऊनवर येऊन न्यायचं. डबे उभे ठेवा, झाकणं टेपने बांधा, मधे लाकडाचा भुसा भरा, वर बाण काढा. आणि मित्राला म्हणावं "पेंट आणि थिनर" असं स्वच्छ लिही. आमचा क्लार्क नाही म्हणणार नाही, फक्त वेगळ्या कोपऱ्यात ठेवेल.

लोकोशेड_भुसावळ
नऊशेच्या रंगाला साडेतीनशे भाडं. वा. खरेपणाचा जीएसटी.

रंगवाली_जळगाव
पाच-सहा जणांचा माल एकत्र मागवा, भाडं वाटून जाईल. माझ्या नावावर आला तरी चालेल, मी दुकानात ठेवते, तुम्ही मेमूने येऊन न्या. म्हणजे नाही, मेमूने नका. मोटरसायकलने या.

गोठा_चोपडा
त्या खोक्यात सोनेरी ऑइल पेंट कोणी मागवू नका एवढंच सांगतो.

शहादा_पोऱ्या
काका, झोपा आते.

लोकोशेड_भुसावळ
काका, भुसावळचं गोडाऊन रविवारी उघडं असतं का? मला तेवढाच दिवस मिळतो.

बिल्टीवाला_धुळे
दुपारी एकपर्यंत. मूळ बिल्टी आणा, मोबाइलवरचा फोटो चालत नाही.