मदत हवी आहे: अण्णांसाठी युरोलिथिनच्या कॅप्सूल घ्याव्यात की बागेतलं डाळिंबच बरं?

नमस्कार मंडळी,

आमचे अण्णा ७२ वर्षांचे. शुगर नाही, गुडघेही ठीक, पण हल्ली पायांतलं बळ गेलंय. ओट्यावरून उठताना खांब धरावा लागतो. अमेरिकेतला आतेभाऊ 'युरोलिथिन ए'च्या कॅप्सूल पाठवतो म्हणून मागे लागलाय. त्याने म्हातारपणी स्नायू टिकतात म्हणे. डाळिंबाशी संबंध आहे कळल्यावर अण्णा म्हणाले, "मग आपला भगवा काय वाईट आहे?" (भगवा ही डाळिंबाची जात. सांगोल्याकडे बाग आहे, तेल्या रोगातून कशीबशी वाचलेली.)

वाचल्यावर कळलं की हे द्रव्य डाळिंबात आयतं नसतंच. फळातल्या प्युनिकॅलॅजिनपासून पोटात एलाजिक आम्ल सुटतं आणि आतड्यातले ठरावीक जिवाणू त्याचं युरोलिथिन करतात. ते जिवाणू सगळ्यांकडे नसतात! एकाच झाडाचं फळ खाऊन मला मिळेल, अण्णांना नाही, असंही होऊ शकतं. शिवाय प्युनिकॅलॅजिन जास्त करून सालीत आणि पापुद्र्यात. सालीची पूड करता येईल, पण बागेत काय काय फवारतो ते मलाच माहीत, त्यामुळे ती नकोच.

कॅप्सूलची २०२२ साली छापून आलेली एक चाचणी सापडली. ६५ ते ९० वयाचे ६६ जण, रोज १००० मिलिग्रॅम, चार महिने. स्नायूंनी जास्त तग धरला, पण सहा मिनिटांत चालून होणारं अंतर बिनऔषधी गोळीवाल्यांपेक्षा फारसं वाढलं नाही. आम्हाला तर चालणंच हवंय.

कुणी घरात दिल्यात का? काही फरक पडला? आणि अण्णांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, रोज डाळिंबाचा रस दिला तर चालेल का?

प्रतिसाद १
गोळी वॉरफरिन असेल तर रोजचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. रसानंतर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वाढल्याच्या नोंदी आहेत. कॅप्सूलचंही त्यांनाच विचारा. आमच्या सासूबाईंना फिजिओथेरपिस्टने हात न टेकता खुर्चीवरून उठबस करायला लावली, जेवणात डाळ-अंडी वाढवली. आता जिना चढतात. तुमच्या कॅप्सूलच्या पैशात वर्षभराची अंडी येतील.

धागाकर्ता
वॉरफरिनच आहे ताई. सोमवारी आयएनआरला जायचंय, तेव्हा विचारतो. आतेभावाला तूर्त थांब म्हणून कळवलं. सांगोला-पंढरपूर भागात घरी येणारा फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत आहे का?