ब्लोअरच्या बेअरिंगचा आवाज, काय करू?

मंडळी, अमेरिकेत हवासू तलावावर सेकंडहँड बोट घेतलीय, बिग ब्लॉक व्ही-८ (मोठं आठ सिलिंडरचं इंजिन) वर ६-७१ ब्लोअर (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंप) आहे, आयडलला पुढून खर्र खर्र येतं आणि थ्रॉटल दिला की गायब. बेअरिंग गेलं का?

> आधी बेल्ट काढ न पुली हाताने फिरव. खरखर लागली किंवा वरखाली हलली तर पुढचं बेअरिंगच. बेल्ट कोणी करकचून ताणलाय का तेपण बघ, निम्मी बेअरिंगं त्यानेच मरतात.

> आणि इंजिन थंड असताना ब्लोअरवरच्या छोट्या काचेच्या खिडकीतून ऑइल लेव्हल बघ भाऊ, ते ऑइल इंजिनपेक्षा वेगळं असतं, लोक विसरतातच. थोडं काढून पांढऱ्या कपड्यावर घे, चंदेरी चमचम (धातूचा चुरा) दिसली की बोट बाहेर काढ. बेअरिंग ढिलं झालं की रोटर (ब्लोअरच्या आत फिरणारे, हवा ढकलणारे भाग) एकमेकांना नाहीतर केसिंगला घासतात, मग रिबिल्ड नाही, नवाच ब्लोअर. जास्त ऑइलपण भरू नको, सील फोडून मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) जातं.

> अवांतर: ६-७१ म्हणजे ६ सिलिंडर, प्रत्येकी ७१ क्युबिक इंच. मूळ ट्रक-बोटींचं डिझेल इंजिन, त्याच्यावरूनच ब्लोअरला हे नाव, दुसऱ्या महायुद्धात सैनिक उतरवायच्या हिगिन्स बोटींतपण हेच इंजिन!

बेल्ट काढला. तारेसारखा ताणलेला होता, पुली चक्क हलतेय 😭