कीजच्या नजरेतून काय सुटले? : 'डबल इंडेम्निटी'तील त्रुटींविषयी अनुभव

बिली वाइल्डर यांच्या 'डबल इंडेम्निटी' (१९४४) या गुन्हेपटात विमा एजंट वॉल्टर नेफ आणि फिलिस डीट्रिक्सन तिच्या नवऱ्याचा अपघाती विमा त्याच्या नकळत उतरवतात, त्याचा खून करतात आणि तो चालत्या गाडीतून पडला असा देखावा उभा करतात, कारण रेल्वे अपघातात रक्कम दुप्पट मिळते. दावे विभागाचा प्रमुख बार्टन कीज हा देखावा उसवत जातो. चुका शोधण्याचे काम पटकथेनेच एका पात्राकडे सोपवले असल्यामुळे, त्याच्याही नजरेतून काय सुटले हे गोव्यातील रसिकांनी आपापल्या व्यवसायाच्या अनुभवातून लिहावे, ही विनंती.

फोंडा, सुतारकाम :
कीज नेफच्या घरातून बाहेर पडतो, तेव्हा फिलिस बाहेरच्या बोळात उघड्या दाराआड उभी राहते. हा प्रसंग श्वास रोखून पाहिला, पण मग लक्षात आले की दार बाहेरच्या बाजूला उघडते आहे. सदनिकेचे मुख्य दार असे कोणी बसवत नाही. बिजागऱ्या बाहेर आल्या की त्यांच्या खिळ्या ठोकून काढून चोराला दारच उतरवता येते, शिवाय बोळही अडतो. घरच्या मंडळींना मात्र यात काहीच वावगे वाटले नाही, कारण आपल्याकडे मुख्य दारापुढे जाळीचे सेफ्टी डोअर असते आणि ते बाहेरच उघडते. चूक कबूल, पण तो प्रसंग मी काढू दिला नसता.

डिचोली, हौशी रंगभूमी :
नेफ अविवाहित आहे, तरी फ्रेड मॅकमरे यांच्या बोटातली लग्नाची अंगठी स्पष्ट दिसते. आमच्या काल्याच्या नाटकात ब्रह्मचाऱ्याची भूमिका करणाऱ्याची अंगठी साबण लावूनही निघेना, तेव्हा रंगभूषाकाराने तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळून वर रंग फासला होता.

वास्को, रेल्वेतील निवृत्त गार्ड :
पाय मोडलेल्या नवऱ्याचे सोंग घेतलेला नेफ कुबड्या घेऊन शेवटच्या डब्याच्या सज्जावर जातो, तेथे बसलेल्या जॅक्सन नावाच्या प्रवाशाला सिगारची पेटी आणायला पाठवतो आणि खाली उडी घेतो. पेटी घेऊन परतलेल्या जॅक्सनला हा लंगडा गृहस्थ दिसत नाही, आणि तरीही सांता बार्बरा येथे तार येईपर्यंत त्याला काही बिघडले असे वाटत नाही! चित्रपटाचे हे उत्तर मला पटलेले नाही. पाय प्लास्टरमधला माणूस चालत्या गाडीत जाणार कुठे? कुळे ते कॅसलरॉक या १:३७ चढाच्या घाटात गाड्या सावकाश चालतात, तेथेही एखादा प्रवासी जागेवर दिसला नाही तर सोबतचे लोक टी. सी.ला गाठतात. गाडीच्या मंद वेगाचा मुद्दा मात्र कीज स्वतःच काढतो. इतक्या हळू चालणाऱ्या गाडीतून कोणी आत्महत्येसाठी उडी घेणार नाही, हे त्याचे म्हणणे कोणीही रेल्वेवाला मान्य करील.

म्हापसा, विमा दाव्यांची छाननी :
नवरा न वाचता सही करतो याला अनेक जण पटकथेतील भोक म्हणतात, पण ज्यांनी या धंद्यात वर्षे काढली त्यांना ते म्हणवणार नाही. पेन्सिलने फुली मारलेल्या जागी लोक निमूटपणे सही करतात आणि 'झाले ना?' एवढेच विचारतात. उलट, पाय मोडूनही या माणसाने दावा का केला नाही, हा कीजचा प्रश्न आमच्याकडे पहिल्याच टिपणात आला असता. त्याला विमा उतरवल्याचे ठाऊकच नसेल, ही कीजच्या मनात त्यावरून आलेली शंका अचूक आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. पॉलिसी काढल्यावर थोड्याच दिवसांत मोठा दावा आला, तर सर्वांत आधी पॉलिसी विकणाऱ्या एजंटाचा जबाब घेतला जातो. कीज तर नेफला शेजारी बसवून त्याच्याशीच तर्क लढवत राहतो. पुढे वरिष्ठ नॉर्टन यांना नेफचा संशय येतो, तेव्हा आपण या माणसाला वर्षानुवर्षे ओळखतो, त्याची हमी आपण घेतो, असे कीज टिपणात नोंदवतो. दाव्याच्या फायलीत एवढ्यावर भागत नाही, आणि हे टिपण माझ्या टेबलावर आले असते तर मी ते शेरा मारून परत पाठवले असते. पण नेफकडून आपल्या सिगारला काडी लावून घेण्याची ज्याला सवय झाली आहे, त्या कीजने दुसरे काय लिहिले असते, हेही मला सांगता येणार नाही.