१४० मतांचं फीचर आधी, की तिघांनी कळवलेला बग?

टर्मिनलवाला (प्रश्न)
सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली साफ करणारं एक कमांड-लाइन टूल आम्ही दोघं फावल्या वेळात सांभाळतो. उघडे इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी आणि मागण्या) दोनशेच्या आसपास. सगळ्यात जास्त मतं, १४० अंगठे, ‘एक्सेल फाइल थेट वाचता यावी’ या मागणीला आहेत. दुसरीकडे एक बग आहे: फाइलीच्या सुरुवातीला बीओएम (मजकुराचं एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) असला की पहिल्या कॉलमचं नाव जुळत नाही आणि दोन फाइली जोडताना ओळी गुपचूप गळतात, एरर येत नाही. हा फक्त तिघांनी कळवलाय. पुढच्या रिलीजमध्ये एकच मोठं काम होईल. कोणतं घ्यावं, आणि उरलेल्यांना काय सांगावं?

बाइट_बाय_बाइट
बग. आणि ‘तीन’ या आकड्यावर भरवसा ठेवू नका. बीओएम म्हणजे ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट. स्क्रीनवर दिसतच नाहीत, त्यामुळे ‘बीओएम’ असं लिहून इश्यू कोण उघडणार? ‘कॉलम आहे तरी सापडत नाही म्हणतं’, ‘जोडणीनंतर फाइल रिकामी’, ‘माझ्याकडे चालतं, सहकाऱ्याकडे नाही’ असली शीर्षकं चाळा, बंद केलेल्या इश्यूंमध्येही. फीचरची मागणी सगळे एकाच नावाने करतात म्हणून मतं एका जागी साचतात. बगची लक्षणं जो तो आपापल्या शब्दांत लिहितो, मतं विखुरतात.

दुसरं, एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलं की एक्सेलच बीओएम घालतं. म्हणजे त्या १४० पैकी काहींना सीएसव्हीचा रस्ता याच बगमुळे बंद झाला असेल. तिथे एवढंच विचारा: ‘सीएसव्ही करून घेतल्यावर नेमकं काय बिघडतं?’

दुरुस्ती पार्सरच्या (ओळीचे कॉलम पाडणाऱ्या कोडच्या) आधी करा, कॉलमचं नाव वाचून झाल्यावर नको. पहिलं नाव अवतरणचिन्हांत असेल तर बीओएममुळे पार्सरला ते अवतरण सुरुवातीला दिसत नाही आणि नावातला स्वल्पविराम कॉलमचे दोन तुकडे करतो. टेस्ट निदान चार हव्यात: बीओएमसह, बीओएमविना, पहिलं नाव अवतरणात, आणि नुसत्या तीन बाइटांची फाइल. शेवटची हमखास विसरली जाते. टूल पायथॉनमध्ये असेल तर वाचताना ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंग दिलं की बहुतेक काम झालं.

लेबलबहाद्दर
निर्णय मान्य, पण मतं इतकी हलकी करू नका. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड एडिटरमध्ये नव्या फीचरच्या मागणीला ६० दिवसांत २० मतं मिळाली तर ती बॅकलॉगमध्ये (पुढे करायच्या कामांच्या यादीत) जाते, नाहीतर बंद होते. दोघांच्या प्रकल्पाला हेच आकडे लागू होणार नाहीत, पण नियम आधी लिहिलेला असला की नकार कुणाला व्यक्तिगत वाटत नाही. अंगठे मोजताना इश्यूचं वय बघा. चार वर्षांत जमलेले १४० आणि दोन महिन्यांत जमलेले ४० यांत दुसरा जास्त बोलका.

बगसाठी मतं नकोतच. दोन प्रश्न पुरतात: डेटा बिघडतो का, आणि बिघडल्याचं वापरणाऱ्याला कळतं का? बिघडतो आणि कळत नाही, तो सगळ्यात वर. क्रॅश त्याच्या खाली, कारण क्रॅश निदान दिसतो. इश्यू फॉर्ममध्ये व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम आणि बिघडणाऱ्या फाइलीच्या पहिल्या दोन ओळी सक्तीच्या करा. ओळी चिकटवायला लावू नका, फाइल जोडायला सांगा. चिकटवताना बीओएम गळून जातो.

अर्धविराम
एक्सेलची खरी किंमत कुणी मांडली नाही. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची फाइल, ही एक्सएमएल फाइलींची झिप. ती उघडणं सोपं, पण तारखा आत आकडे म्हणून असतात आणि तो आकडा तारीख आहे हे सेलच्या फॉरमॅटवरून ठरवावं लागतं. वर १९०० आणि १९०४ अशा दोन दिनांकपद्धती, आणि पहिलीत १९०० हे लीप वर्ष नसूनही तसं धरलेलं! मर्ज (कोड मुख्य टूलमध्ये मिसळणं) एका दिवसात होईल, तारखांचे इश्यू वर्षानुवर्षं येत राहतील. कुणी तयार पुल रिक्वेस्ट (मिसळून घ्यायला पाठवलेला कोड) घेऊन आलं तर वेगळा प्लगइन करायला सुचवा. आणि ‘प्रकल्प मेलाय का, दुसऱ्याला हक्क द्या’ अशा तगाद्याला बळी पडून घाईने कुणाला मर्जचा अधिकार देऊ नका. एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलच्या मेंटेनरवर (ते सांभाळणाऱ्यावर) २०२२ मध्ये असाच दबाव आला होता. २०२४ मध्ये त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये बॅकडोअर (चोरवाट) सापडला, तो घालणारा सहमेंटेनर झालेला होता.

टर्मिनलवाला
जुने इश्यू चाळले. बीओएमचेच आणखी अकरा निघाले, त्यातले चार आम्हीच ‘रिप्रोड्यूस होत नाही’ (आमच्याकडे घडत नाही) म्हणून बंद केले होते. एक्सेलचा इश्यू बंद करावा की उघडा ठेवावा?

लेबलबहाद्दर
करणार नसाल तर ‘नियोजित नाही’ हे कारण निवडून बंद करा. नुसता उघडा ठेवलात तर लोक वाट बघत बसतात. मजकूर साधारण असा: ‘मुख्य टूलमध्ये एक्सेल वाचन घेणार नाही, तारखांची हाताळणी दोघांना झेपणारी नाही. तोवर लिब्रेऑफिसच्या हेडलेस मोडने (खिडकी न उघडता, कमांडने) सीएसव्ही करून घ्या, नेहमीच्या कमांडने फक्त पहिली शीट येते. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ केलेल्या फाइलीतला बीओएम पुढच्या रिलीजपासून अडणार नाही. प्लगइन कुणी लिहिला तर रीडमीत दुवा देऊ.’ मग तो इश्यू पिन करा, म्हणजे तीच मागणी नव्याने उघडणं कमी होईल. ते चार बंद इश्यू मात्र आजच उघडा आणि मूळ बगशी जोडा.