गिनी पिगच्या पिंजऱ्यात खाली काय अंथरायचं? मेणकापडाने सफाई सोपी झाली पण पाय लाल झालेत

दोनपिल्लं:
माझ्याकडे दोन गिनी पिग आहेत, बहिणी बहिणी, दीड वर्षाच्या. पिंजऱ्याचा खालचा ट्रे पत्र्याचा, जस्त चढवलेला. आधी लाकडाचा भुसा घालायचे पण एकीला सारख्या शिंका यायला लागल्या म्हणून बंद केला, मग वर्तमानपत्र घातलं तर ते भिजून ट्रेला असं चिकटायचं की उलथन्याने खरवडावं लागायचं. शेवटी वाटलं जे पुसता येतं तेच बरं, म्हणून मेणकापड मापाने कापून अंथरलं आणि सफाई खरंच दोन मिनिटांवर आली, ओलं फडकं फिरवलं की झालं.

पण काल नखं कापायला एकीला उचलून धरली तर मागचे दोन्ही तळवे लालसर, आणि टाचेपाशी एक जागा गुळगुळीत चकचकीत झालेली. तीन आठवड्यांत हे झालंय. शिवाय मेणकापडाची कड कुरतडलेली दिसतेय, तो तुकडा पिंजऱ्यात कुठेच सापडला नाही. आणि ट्रेवर पांढरे पोपडे जमतात ते काढायला मी व्हिनेगर ओतून ठेवत होते, तर आता कोपऱ्यात गंज आलाय. मला सफाईचा कंटाळा नाहीये पण रोज अर्धा तास खरवडणं जमत नाही, त्यांनाही त्रास नको. कोणी काय वापरता?

मऊपाय:
ताई, मेणकापड आजच काढा. त्यातून पाणी खाली जात नाही ना, म्हणजे मूत वरच राहतं आणि या दोघी त्यातच बसतात, गिनी पिग जिथे आडवे होतात तिथेच बऱ्याचदा मुततात. तळव्याला केस नसतात, कातडी सतत ओली राहिली की मऊ पडते, घासते, आणि मग तिथून जंतू आत शिरतात. तुम्ही सांगताय ती लाली ही त्याचीच सुरुवात असू शकते. एकदा प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवाच, आणि सूज किंवा खपली दिसली तर अजिबात थांबू नका, हे आत हाडापर्यंत जातं आणि मग महिनोन्‌महिने बरं होत नाही. तुकड्याचंही त्यांना सांगा. गवत खाणं कमी झालं किंवा लेंड्या कमी, बारीक व्हायला लागल्या तर त्याच दिवशी न्या, यांचं आतडं थांबलं की फार पटकन बिघडतं.

आता अंथरायचं काय. मी चार वर्षं फ्लीस वापरतेय. फ्लीस म्हणजे पांघरुणाचं मऊ पॉलिस्टर कापड, ते स्वतः पाणी पीत नाही, धाग्यांमधून ओल खाली सोडतं, म्हणून त्याच्या खाली पिणारा थर लागतोच, जुना जाड टॉवेल किंवा मायक्रोफायबर दोन पदरी. वरून हात फिरवला तर कोरडं लागतं आणि खालचा टॉवेल ओलाचिंब, हेच तर हवंय. नुसतं फ्लीस ट्रेवर टाकलं तर काही उपयोग नाही, खाली तळं साचतं. आणि टॉवेल उघडा वर ठेवू नका, त्याच्या टाक्यांमध्ये नखं अडकतात. फ्लीस कापलं तरी त्याचे दोरे सुटत नाहीत हा त्याचा मोठा फायदा.

नवीन फ्लीस आणलं की लगेच घालू नका, त्यावर पाणी अक्षरशः मोत्यासारखं थांबतं. गरम पाण्यात तीन-चार वेळा धुवा, साबण कमी, आणि कपडे मऊ करणारं ते कंडिशनर अजिबात नाही, त्याचा थर बसला की ओल खाली उतरायची बंद होते. चमचाभर पाणी ओतून बघायचं, थेंब तसाच थांबला तर परत धुवायचं.

रानपाखरू:
फ्लीसबद्दल सहमत आहे पण ज्यांच्याकडे पक्षी आहेत त्यांनी हे वाचून कापड घालू नका. पक्ष्यांना ट्रेमध्ये साधा कागदच चांगला, जाळीच्या खाली, रोज बदलायचा. कारण कागदावर विष्ठा स्पष्ट दिसते, रंग बदलला, पातळ झाली की त्याच दिवशी कळतं, आणि पक्षी आजार लपवतात त्यामुळे बऱ्याचदा पहिली खूण तीच असते. मक्याच्या कणसाचा भुसा पण नको, तो ओला झाला की बुरशी धरतो आणि बुरशीचे कण पक्ष्याच्या फुप्फुसात जातात. जस्ताच्या ट्रेचंही तेच, पोपट सोलून सोलून खातो आणि जस्त अंगात भिनतं.

गोठेकरी:
माझ्याकडे गाई आहेत, गिनी पिग नाहीत, पण दुखणं तेच वाटतंय म्हणून लिहितो. आम्ही काँक्रीटवर रबर मॅट टाकल्या तेव्हा पहिल्यांदा वाटलं आता धुतलं की झालं. वरून चकाचक दिसायचं पण गोठ्यात शिरलं की डोळे चुरचुरायचे. एक दिवस मॅट उचलली तर खाली काळा चिखल, मूत सांध्यातून झिरपून आठवडे पडून होतं. मुतातल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात आणि तो बनतो जमिनीलगत, जिथे जनावराचं नाक असतं. ताई तुमच्या प्राण्यांचं नाक तर जमिनीपासून दोन बोटांवर आहे. तुम्हाला वास आला नाही म्हणजे त्यांना त्रास नाही असं नाही. मग आम्ही जमिनीला उतार करून घेतला, मीटरला दीड-दोन सेंटीमीटर, आणि खालून खाचा असलेल्या मॅट घेतल्या, तरी ठरलेल्या दिवशी उचलून धुतोच. ओल्यात उभं राहून खूर मऊ पडतात आणि गाय लंगडते, कासेचे आजार होतात ते वेगळेच. अंथरूण कुठलंही घाला, उचलून खाली बघितल्याशिवाय स्वच्छ म्हणू नका.

सशाचंबीळ:
ट्रेबद्दल कोणी बोललंच नाही. गिनी पिग आणि सशाच्या मुतात कॅल्शियम भरपूर असतं, पांढरे पोपडे त्याचेच, व्हिनेगरने फेस येऊन सुटतात हे बरोबर, पण व्हिनेगर जस्तही खातं, ओतून ठेवत होता म्हणजे जस्ताचा थर गेला आणि मग पत्रा गंजला. आता तो ट्रे नुसता आधाराला ठेवा आणि त्यात कोरुगेटेड प्लास्टिकची शीट बसवा, पोकळ नळ्यांची असते ती. चारी बाजूंनी पंधरा सेंटीमीटर जास्त घ्यायची, दुमडायच्या रेषेवर अर्धीच चीर द्यायची आणि वर उचलायची, खोक्यासारखी पेटी होते. कापलेल्या कडा टेपने बंद करा नाहीतर मूत नळ्यांत शिरतं आणि वास कधीच जात नाही, आणि टेप बाहेरच्या बाजूने लावा म्हणजे कुरतडता येत नाही. प्लास्टिकवर व्हिनेगर बिनधास्त चालतं.

फक्त ब्लीच त्यात कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. मूत असलेल्या जागी ब्लीच टाकलं तरी अमोनियाबरोबर वाईट वायू होतो, म्हणून आधी साध्या पाण्याने धुवायचं.

आणि फ्लीस धुण्याचा व्याप कमी करायचा असेल तर गवताच्या खाली एक उथळ ट्रे ठेवा कागदाच्या गोळ्यांचा. खाता खाताच ती सगळ्यात जास्त घाण करतात, तेवढा ट्रे रोज ओतायचा आणि फ्लीस तीन-चार दिवस चालतं. माझ्याकडे हा ट्रे ठेवल्यापासून धुणं निम्म्यावर आलंय. धुताना केस आणि गवत आधी ब्रशने झटका आणि जाळीच्या पिशवीत घाला, नाहीतर मशीनची जाळी तुंबते.

दोनपिल्लं:
सगळ्यांचे खूप आभार. मेणकापड वाचल्या वाचल्या काढलं, खाली बघितलं तर कोपऱ्यात पिवळं पाणी साचलेलं, वर इतकं स्वच्छ दिसत होतं. आज डॉक्टरांकडे नेलं, जखम उघडी नाहीये, कोरडं ठेवा आणि आठवड्याने दाखवा म्हणाले. तुकड्याचं सांगितलं, पोट तपासलं, खाणं आणि लेंड्या ठीक आहेत तर लक्ष ठेवा म्हणाले. तोवर खाली जाड टॉवेल आणि वर एक जुनं फ्लीसचं पांघरूण घातलंय, ते इतकं धुतलेलं आहे की चमचाभर पाणी लगेच उतरलं. नवीन आणलं त्याच्यावर मात्र दोन धुण्यांनंतरही थेंब तसाच उभा आहे, उद्या परत धुवायला लावते.