रायन डे यांना हटवायचं कशासाठी?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून सलग चार वेळा हरल्यावर ओहायो स्टेट विद्यापीठाने आपले कोच रायन डे यांना तेव्हाच नारळ द्यायला हवा होता, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. 2024चा 13-10 पराभव माझ्याही जिव्हारी लागला. बिनमानांकित संघाकडून, तोही घरच्या मैदानावर! बचावफळीच्या मधून वाट मिळत नसताना चेंडू तिथूनच रेटत राहिले, हे चुकलंच. पण पुढे प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत, काय झालं? पास झेलणाऱ्या जेरेमाया स्मिथला लांबचे पास मिळू लागले, टेनेसीला 42-17 धूळ चारली. ऑक्टोबरमध्ये एका गुणाने हरवणाऱ्या ऑरेगनला रोझ बोल या प्लेऑफच्याच सामन्यात 41-21 लोळवलं, आणि शेवटी नोटर डेमला हरवून विजेतेपदही आणलं. असा कोच हाकलून आणणार कोणाला?