'बघतो'चं 'बक्तो', 'एकदा'चं 'एग्दा': बोलताना नेमकं काय होतं?

उंबरठा: अमराठी प्रौढांना शिकवायला ध्वनिमुद्रित संवाद वापरतोय. लिहिलंय 'बघतो', ऐकू येतं 'बक्तो'. 'एकदा'चं 'एग्दा', 'पाचशे'चं 'पाश्शे'. वाचता येणाऱ्यांनाही ऐकून शब्द ओळखता येत नाहीत. यात नियम आहे की नुसती घाई? आणि हे शिकवायचं कसं?

कानसेन: पक्का नियम आहे. आधी मधला 'अ' गळतो: 'बघतो'चं 'बघ्‌तो'. त्यामुळे घ् आणि त् एकमेकांना भिडतात, आणि पहिलं व्यंजन दुसऱ्याच्या वळणावर जातं. त अघोष, म्हणजे स्वरतंतू न कंपवता म्हटलेला; म्हणून घ् चा घोष (तो कंप) जातो, महाप्राणही (ह सारखा श्वासाचा झोत) टिकत नाही, उरतो क्. 'मागतो'चं 'माक्तो' तसंच. 'एकदा'त उलट: पुढचा द घोष, म्हणून स्वरतंतूंचा कंप क् पासूनच सुरू होतो. शब्दांच्या सीमेवरही हेच: 'हात धर'चं 'हाद्धर', 'दूध तापव'चं 'दूत्तापव'. मध्ये थांबलं की बदल होत नाही.

पुढे न, म, र, ल, व आले तर मात्र घोष असूनही ते मागच्याला बदलत नाहीत. 'एकनाथ' आपण 'एक्नाथ'च म्हणतो. संस्कृतात जगत् + नाथ = जगन्नाथ होतं, पण शाळेतले व्यंजनसंधीचे नियम बोलीला सरसकट लावू नयेत.

'पाचशे'चं कारण वेगळं. 'पाच'मधला च 'चमचा'तल्या च सारखा: त्यात आधी जीभ टेकते, मग घर्षण होतं. टेकणं सुटतं आणि उरलेलं घर्षण श मध्ये मिसळतं.

स्वरयंत्र: विद्यार्थ्यांना एकच किल्ली द्या: शब्दाला स्वराने सुरू होणारा प्रत्यय लावून पाहा. बघेन, बघून म्हटलं की घ परत येतो. मागेल, मागून मध्ये ग. 'बक्तो' ऐकून धातू शोधायचा हाच भरवशाचा रस्ता. 'बक्तो' असं लिहून मात्र देऊ नका. ते 'बकतो' वाचतात आणि चुकीचा धातू पाठ करतात.

शंका असेल तर 'प्रात' (Praat) या ध्वनी तपासण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तपासा. 'मी एकदा आलो' आणि 'मी एकटा आलो' सलग म्हणून मोनोत मुद्रित करा. वर्णपटात (आवाजातल्या कंपनांच्या चित्रात) 'दा'च्या आणि 'टा'च्या आधीचा बंद भाग, म्हणजे तोंडातली हवा अडलेली असते तो क्षण, बघा. तिथे तळाशी काळसर पट्टी आणि वरच्या तरंगचित्रात निळ्या कंपरेषा असतील तर घोष; दोन्ही नसतील तर अघोष. खोलीत पंखा चालू ठेवू नका, त्याची घरघर तळाशीच उमटते आणि फसवते.

अनुनासिक: 'तीनपट'चं 'तीम्पट' वेगावर अवलंबून आहे, सावकाश म्हटलं की न् परततो. पण 'संवाद', 'संशय', 'सिंह' यांतला अनुस्वार सावकाश बोलतानाही व सारखाच येतो: 'सौंवाद', 'सौंशय', 'सिंव्ह'. त्यामुळे हे शब्द वेगाच्या धड्यात घालू नका, पहिल्या आठवड्यात उच्चारासकटच द्या. 'करतोय', 'झालंय' यांचंही तेच, ते आता लिहिलेही जातात. वेगाचा सराव 'एकदा', 'बघतो', 'हात धर' यांच्यावर करून घ्या: प्रत्येक वाक्य आधी तोडून, मग सलग, आणि शेवटी न बघता लिहून.